द्राक्षतोडीच्या दिवसांत नाशिक: हजाराच्या आतली वाइन

गुरुवार: नारायणगाव, मग नाशिक

नाशिकला वाइनसाठी जायचं तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा साधावा. वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. पांढऱ्या जाती आधी उतरतात, काळ्या मागून. या दिवसांत वायनऱ्यांच्या टाक्या आंबत्या रसाने भरलेल्या असतात, सकाळी १२-१४ अंशांची थंडी असते आणि दुपारी ऊन ३० च्या वर जातं. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण तेव्हा वेलींवर घड नसतात आणि वायनरीत पाहण्यासारखं फारसं काही चाललेलं नसतं.

पुण्याहून निघालं की वाटेत नारायणगाव लागतं. रस्त्याच्या कडेला जुन्नर तालुक्याच्या काळ्या जंबो द्राक्षांच्या पाट्या मांडलेल्या असतात. भारतातल्या आधुनिक वाइनचा पहिला मोठा डाव इथेच मांडला गेला. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात इथे शँपेनच्या पद्धतीची फसफसती वाइन काढली, ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली गेली. पुढे शातो इंडाज ही कंपनी खूप वाढली, परदेशातले व्यवसायही विकत घेतले आणि २००८ नंतरच्या मंदीत कर्जाखाली कोसळली. तिला द्राक्षं घालणाऱ्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. नाशिकच्या बागायतदारांशी वाइनच्या कराराचा विषय काढला की आजही हा दाखला निघतोच, म्हणून नारायणगावला थोडं थांबून पुढे जावं.

संध्याकाळी नाशिकच्या दुकानात बाटल्या पाहिल्या. हजाराच्या आत तीन पायऱ्या असतात. सगळ्यात खाली 'पोर्ट': भरपूर गोड आणि मद्य वाढवलेली. गोव्याला जाऊन आलेल्या बहुतेकांची वाइनची ओळख हिच्यापासूनच झालेली असते. मधल्या पायरीवर हलक्या, किंचित फसफसत्या आणि मिश्र जातींच्या वाइन. आणि साधारण ७०० ते १००० च्या दरम्यान लेबलवर द्राक्षाच्या जातीचं नाव असलेल्या: पांढऱ्यांत शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, लालमध्ये शिराझ, कॅबर्ने. खरेदी करण्याजोगी पायरी ही तिसरी. तिच्यातही पांढरी घ्यावी. कारण पुढे येईलच.

दुकानात बाटली हातात घेतली की पाहायचं ते असं. आधी हंगामाचं वर्ष आणि बाटलीबंद केल्याची तारीख. ती मागच्या लेबलवर किंवा बुडाजवळ छापलेली असते. हजाराच्या आतली पांढरी किंवा गुलाबी वाइन दीड वर्षाहून जुनी असेल तर सोडून द्यावी. मग बाटली उजेडात धरून रंग पाहायचा. शेनिन फिक्या गवती रंगाची हवी. चहाकडे झुकली असेल तर आत हवा शिरलेली आहे. झाकणाखाली चिकट ओघळ असेल किंवा बूच किंचित वर आलेलं असेल, तर बाटली कुठेतरी उन्हात तापली आहे. शेवटी दुकानदाराला 'फळीवरची नको, मागच्या खोक्यातली द्या' म्हणायचं. दर्शनी फळीवरच्या बाटलीला दिवसभर ट्यूबलाइट आणि दुपारचं ऊन लागतं, आणि पारदर्शक काचेतल्या गुलाबी वाइनचं त्यात फार लवकर वाटोळं होतं.

हायवेलगतच्या एका दुकानातून घेतलेली सोव्हिन्यों अशीच निघाली. तारीख ठीक होती, पण वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आणि चव सपाट. ही बाटली वायनरीतून चांगलीच निघाली असणार. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढला की एवढं होतं. भारतात स्वस्त वाइनला नाक मुरडणाऱ्यांनी बहुतेक वेळा अशा तापलेल्याच बाटल्या प्यायलेल्या असतात.

शुक्रवार: दिंडोरी पहाटे, गंगापूर दुपारी

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत तोड पहाटे पाचला सुरू झाली. बागायतदारांना गावात सगळे तात्या म्हणतात. चार एकर टेबल द्राक्षं, म्हणजे खायची, आणि दोन एकर वाइनची. कपाळाला बॅटरी बांधलेल्या बायका ओळीत शिरल्या. बहुतेक जणी पेठ आणि सुरगाण्याच्या, हंगामापुरत्या इथे राहायला आलेल्या. एका हातात घड, दुसऱ्या हातात छोटी कात्री, पायाशी वीस किलोचं क्रेट. सडका किंवा वाळलेला मणी दिसला की तिथेच काढून टाकायचा. नऊ-साडेनऊला काम थांबतं. ऊन चढल्यावर तोडलेलं द्राक्ष वायनरीत पोहोचेपर्यंत तापतं, फुटलेल्या मण्यांचा रस क्रेटमध्येच आंबायला लागतो आणि तो थंड करण्यासाठी वीज वेगळी जाळावी लागते.

तात्यांच्या दोन्ही बागा शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे फरक नजरेत भरतो. टेबल द्राक्षाचा वेल मांडवासारखा पसरलेला. मणी मोठा व्हावा म्हणून घड जिब्रेलिक आम्लात बुडवलेले, विरळणी केलेली, सालं पातळ, बी नाही. वाइनचा वेल तारांवर उभा चढवलेला. मणी हरभऱ्याहून थोडा मोठा, साल जाड, आत दोन-तीन बिया. खाऊन पाहिला तर टेबल द्राक्षापेक्षा जास्त गोड लागतो, हे पहिल्यांदा येणाऱ्यांना खरं वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी, ज्यावर कलम बांधतात तो खुंट मात्र बहुतेक ठिकाणी डॉगरिज जातीचाच.

छाटणीचं गणितही इथलं खास आहे. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, नाशिकला झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. एवढ्या कष्टांवर पीक वर्षाला एकच. छाटणी सप्टेंबरात केली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर डाऊनी ही बुरशी आणतो, उशिरा केली तर तोड मार्चच्या उन्हात सापडते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने लवकर छाटलेल्या बागांची जी दैना झाली, तिच्यानंतर या भागात छाटणीची तारीख हा जुगारच झाला आहे.

तोडायचं कधी, हे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठरतं. तात्यांनी घडाच्या खांद्यावरचा, मधला आणि टोकाचा असे मणी घेतले, तेही ओळीच्या दोन्ही बाजूंचे. एकत्र चुरडून दोन थेंब काचेवर टाकले आणि उजेडाकडे धरलं: २१.५ ब्रिक्स. नुसता खांद्यावरचा मणी घेतला तर आकडा फसवा येतो, कारण खांदा आधी पिकतो आणि टोक मागे राहतं. ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की होणाऱ्या मद्याचा अंदाज मिळतो. म्हणजे ही शेनिन ११.८ ते १२.९ टक्क्यांच्या दरम्यान जाईल. ब्रिक्स कमी भरला तर भाव कापतात, अमुक तारखेपर्यंत वायनरीने माल उचलला नाही तर काय, हे सगळं करारात असतं.

"टेबलला भाव लागला तर वाइनच्या दुप्पट, नाही लागला तर रस्त्यावर ओतायची पाळी," तात्या म्हणाले. "वाइनचा भाव ठरलेला. पोराच्या शाळेची फी त्यातून." २००९-१० च्या सुमारास वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, तेव्हा याच गावात वाइनच्या बागा कुऱ्हाडीने तोडून लोक पुन्हा थॉमसन या टेबल द्राक्षाच्या जातीकडे वळले होते. तात्यांनी दोन एकर राखले. आज हजाराच्या आत प्यायला मिळणारी चांगली शेनिन अशा छोट्या राखलेल्या तुकड्यांवरच उभी आहे.

सकाळच्या जेवणात बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत होतं. तोडणाऱ्या बायका बांधावर गोल करून बसल्या, त्यांनी पाहुण्यांसाठीही भाकऱ्या आणल्या होत्या. एका मावशींना विचारलं, वाइन कधी चाखली का? "आमाला रस लागतो गोड, ते आंबट कोन पितं," म्हणाल्या आणि सगळ्याजणी हसल्या.

तिथून क्रेटच्या टेम्पोमागोमाग एका मध्यम आकाराच्या वायनरीत. बाटलीची किंमत कुठे जाते ते इथे समजतं. घड देठ काढणाऱ्या यंत्रातून जातात, मग हवेच्या पिशवीने दाबणाऱ्या प्रेसमध्ये. टनाला सहाशे-साडेसहाशे लिटर रस निघतो, म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. याहून जास्त दाबलं तर सालीचा आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो. रस एक रात्र थंड ठेवून गाळ बसू देतात, मग वरचा रस दुसऱ्या टाकीत घेऊन त्यात यीस्ट सोडतात. टाकीच्या दुहेरी भिंतीतून गार पाणी फिरवून तापमान १४ ते १६ अंशांवर धरतात. दोन-तीन आठवडे लागतात. हे तापमान सुटलं की शेनिनचा पेरू-अननसासारखा वास हवेत उडून जातो आणि उरते नुसती आंबट वाइन. वायनरीतल्या पोराने टाकीच्या तोंडाशी नाक न्यायला लावलं. अर्धवट आंबलेल्या रसाचा तो वास बाटलीत कधीच मिळत नाही. फार आत वाकायचं मात्र नाही, कारण टाकीत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.

उष्ण हवेतली आणखी एक अडचण आम्लाची. दिवस तापले की मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं, म्हणून इथे रसात टार्टारिक आम्ल घालावं लागतं. त्यात काही भेसळ नाही, जगभरातल्या उष्ण प्रदेशांत हे करतात. आम्ल न घातलेली वाइन जिभेवर पडून राहते आणि टिकतही नाही.

आता पांढरीच का, ते सांगतो. पांढऱ्या वाइनला स्टीलची टाकी, थंडावा आणि स्वच्छता एवढं पुरतं. सहा महिन्यांच्या आत ती बाटलीत जाते आणि पैसा मोकळा होतो. लाल वाइनला वेळ लागतो, आणि चांगली करायची तर ओकचं पिंप. २२५ लिटरचं नवं फ्रेंच पिंप ८००-१००० युरोंच्या घरात असतं आणि त्यातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात. तीन-चार हंगाम वापरलं तरी बाटलीमागे बराच खर्च चढतो. त्यामुळे हजाराच्या आतली लाल वाइन एकतर पिंपाविना असते किंवा टाकीत ओकच्या चिपा सोडून केलेली असते. चिपांची वाइन पहिल्या घोटाला व्हॅनिलाची वाटते आणि तिसऱ्या घोटाला लाकडाची. हजारात उत्तम पांढरी मिळते, लाल बहुतेक वेळा कामचलाऊच मिळते.

चारच्या सुमारास गंगापूर धरणाकडे. राजीव सामंतांनी १९९७ मध्ये इथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावल्या, २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली, २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. आज तिथे रेस्तराँ, मुक्कामाची सोय, दुकान, द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम, सगळं आहे. पुढे गंगावऱ्हे गावात यॉर्क वायनरी. तिची गच्ची थेट धरणाच्या पाण्याकडे तोंड करून आहे. २०२१ मध्ये तीही सुलाने घेतली, नंतर एनडी वाइन्सही. चारोसा ही वायनरी ग्रोव्हर झम्पा या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली. छोट्या वायनऱ्या मोठ्यांच्या पोटात जात आहेत आणि वायनऱ्यांचं लक्ष बाटलीइतकंच पर्यटकावर लागलं आहे. मुक्कामाला आलेलं जोडपं एका रात्रीत जेवढं खर्च करतं, तेवढा नफा स्वस्त बाटलीची कित्येक खोकी विकून मिळत नाही. म्हणून नव्या लेबलांची धाव वरच्या किमतीकडे आहे. वायनऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे, पण रोजच्या जेवणाबरोबर प्यायची साधी बाटली यात मागे पडते आहे, आणि ते मला खटकतं.

टेस्टिंगबद्दल थोडं. शुक्रवार दुपारपर्यंत निवांत असतं, शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी लोटते. पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली. क्रम फसफसती, पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड. उलट गेलात तर पांढरीची चवच कळत नाही. थुंकायचं भांडं मागून घ्या, कुणी नावं ठेवत नाही. सेंट किंवा अत्तर लावून जाऊ नका. गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. आणि गंगावऱ्ह्याहून रात्री शहरात परतायला टॅक्सी सहज मिळत नाही, तेव्हा जातानाच्या रिक्षावाल्या दादांशी परतीचं बोलून ठेवा. बीअर आणि वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे, ओळखपत्र विचारतात.

शनिवार: निफाड आणि विंचूर

सकाळी आभाळ भरून आलं होतं. फेब्रुवारीत हे कुणालाच नको असतं. नाश्त्याला गंगापूर रोडवर मिसळ, सोबत पापड आणि दही. टपरीवर चर्चा एकच: पाऊस पडणार का? निफाडच्या रस्त्यावर टेबल द्राक्षाच्या बागांत धांदल उडालेली, जो तो माल उतरवायच्या मागे. पिकलेल्या पातळ सालीच्या मण्यावर पाणी पडलं की मणी तडकतो आणि घड दोन दिवसांत कुजतो. वाइनचा मणी जाड सालीचा असल्याने थोडा दम धरतो, मात्र त्याचे घड इतके घट्ट असतात की आत ओल अडकली तर बुरशी मधूनच सुरू होते. अकराच्या सुमारास शिंतोडे पडले आणि थांबले. रस्त्यावरच्या चहावाल्या काकांनी देवाला हात जोडले.

निफाडची कुंदेवाडी राज्यभर माहीत आहे ती थंडीसाठी. तिथल्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. रात्र गार आणि दिवस उबदार हा फरक वाइनला फार मानवतो: रात्री वेल विसावतो आणि आम्ल टिकतं. त्याच कुंदेवाडीत रेव्हेलोची वायनरी आहे, जिने इटलीतल्या ग्रिलो आणि नेरो दाव्होला या जाती लावल्या. सिसिलीच्या उन्हात वाढणाऱ्या या जाती नाशिकला शहाणपणाच्या वाटतात. फ्रान्सच्या थंड भागातल्या जाती इथे ओढूनताणून पिकवण्यापेक्षा उष्ण प्रदेशातल्या जातींकडे वळावं, हे मत बऱ्याच बागायतदारांचंही आहे. टेंप्रानियो आणि झिनफँडेल या लाल वाइनच्या जातींकडे लोक वळतात तेही याचमुळे.

लासलगावच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत विंचूर. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं आणि एमआयडीसीने विंचूर व सांगलीतल्या पलूस इथे वाइन पार्क उभारले. बऱ्याच वायनऱ्या त्याच लाटेत निघाल्या, त्यांत शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्याही होत्या. आज विंचूरच्या पार्कात काही गेटांना गंजलेली कुलपं दिसतात. वाइन करणं जमलं, विकणं जमलं नाही, हे इथलं सरळ निदान. दुकानात बाटली ठेवून घ्यायला वितरक लागतो, प्रत्येक राज्याची लेबल नोंदणी वेगळी, कर वेगळा, परवाना फी वेगळी. एकाच वाइनचं महाराष्ट्रासाठीचं लेबल वेगळं आणि कर्नाटकासाठीचं वेगळं. छोट्या वायनरीला दोन राज्यांत माल विकणं म्हणजे दोन परदेशांत निर्यात करण्याइतकं किचकट पडतं.

महाराष्ट्रात इथली वाइन स्वस्त पडते त्यामागे करातली सवलत आहे. वाइनवर २० टक्के व्हॅट, त्या वीसातले १६ टक्के प्रोत्साहन योजनेखाली उत्पादकाला परत मिळतात. परतावा वेळेवर आला नाही की छोट्या वायनऱ्यांची दमछाक होते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी दिली होती. मोठा विरोध झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आलाच नाही. पार्कातल्या एका तरुण वाइनमेकरचं म्हणणं होतं की सुपरमार्केट मिळालं असतं तर हजाराच्या आतल्या बाटल्यांचा खप वाढला असता, कारण देशी दारूच्या रांगेत उभं राहायला लाजणारं गिऱ्हाईकच वाइनचं खरं गिऱ्हाईक आहे. विरोध करणाऱ्यांची काळजी खोटी होती असं नाही. निफाडच्या गावागावांतल्या बायकांनी दारूने उजाड झालेली घरं पाहिली आहेत.

परदेशी वाइनची भीतीही इथे सतत बोलली जाते. आयात शुल्क मुळात १५० टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यात ५ डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५० वर यायचं आहे. १५ डॉलरवरच्या बाटलीचं आधी ७५, पुढे २५. पाच डॉलरखालच्या बाटलीला सवलत नाही. म्हणजे आपल्या स्वस्त शेनिनला या करारात थेट स्पर्धा नाही. चुरस होणार ती दीड-दोन हजारांच्या लाल वाइनमध्ये.

विंचूरच्याच पार्कात गुड ड्रॉप या वायनरीने फसफसत्या, हलक्या वाइनवर भर दिला. सुलाची दिया आणि फ्रातेल्लीची टिल्ट कॅनमध्ये आल्या. जाणकार नाकं मुरडतात, पण कॅनमध्ये ऊन शिरत नाही, एकट्यापुरतं माप मिळतं, उरलेली अर्धी बाटली फ्रीजमध्ये आंबट होत नाही. नवख्या माणसाला पोर्ट देण्यापेक्षा गार कॅन द्यावा.

रात्री गिरणाऱ्याजवळच्या शेतघरात मुक्काम होता. काकूंनी काळ्या मसाल्याचं मटण, खान्देशी शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी केली. तीन बाटल्या उघडल्या: शेनिन, सोव्हिन्यों आणि एक शिराझ. शिराझ मटणाबरोबर जुळेल असं सगळ्यांना वाटतं, पण तिखट जाळ आणि लाल वाइनचा तुरटपणा एकमेकांना चढवतात. तोंडात नुसती आग आणि कोरड उरली. सोव्हिन्यों मटणापुढे पातळ पडली. शेनिनमध्ये थोडी साखर उरलेली असते, ती तिखट शमवते आणि तिची आंबट बाजू तेलाचा तवंग कापते. शेवभाजीबरोबर तर ती फारच छान लागली. सोव्हिन्यों दुसऱ्या दिवशी कोथिंबीर वडीबरोबर उघडायला हवी, असं काकूंनीच सुचवलं. त्यांनी वाइन चाखली नव्हती, फक्त वास घेऊन 'हिरव्या मिरचीसारखी येते' म्हणाल्या. वास त्यांनी अचूक ओळखला होता.

गार करायची पद्धत: फ्रीजमध्ये दोन तास, किंवा बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून पंधरा-वीस मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली उभी केली तर फार वेळ लागतो, पाणी हवंच. शेनिन ८ ते १० अंशांवर, लाल १६ ते १८ वर. आपल्याकडे घरातली हवाच ३० अंश असते, तेव्हा लाल वाइनही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच काढावी. कोमट लाल वाइनमध्ये फक्त मद्याचा भपका येतो.

रविवार: संजेगाव आणि परतीची वाट

मुंबईच्या वाटेवर घोटीहून आत वळून संजेगाव. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झम्पा या दोन्ही वायनऱ्या या बाजूला आहेत, मुकणे धरणाचं पाणी खाली पसरलेलं. इगतपुरीच्या जवळ असल्याने पाऊस दिंडोरीपेक्षा पुष्कळ जास्त, पण तो तोडीआधी संपतो. लाल वाइन चाखायचीच तर इथे थोडे पैसे सोडून पिंपातली चाखावी आणि हजाराच्या आतल्या बाटलीशेजारी ठेवून पाहावी. पिंपातलीत तुरटपणा मऊ झालेला असतो, घोट गिळल्यावर चव मागे राहते. स्वस्त लाल वाइनला कधीकधी जळक्या रबरासारखा वास येतो. ग्लास जोरात फिरवून दहा मिनिटं थांबावं. वास उडाला तर वाइन ठीक, राहिला तर ती तशीच आहे. हजाराच्या आत लाल हवीच असेल तर पिंपाचं नाव न घेणारी, ताजी, हलकी झिनफँडेल किंवा शिराझ घ्या आणि गार करून प्या.

वायनरीतल्या दुकानात बाटली स्वस्त मिळते असं सरसकट नसतं. फायदा एवढाच की ती तापलेली नसते, आणि विचारलं तर मागच्या हंगामाची उरलेली खोकी सवलतीत काढून देतात. तेव्हा तारीख पाहायचीच. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या मिळाल्या तर त्याच घ्याव्यात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ड्राय डेला विक्री आणि टेस्टिंग बंद असतं. निवडणुकीच्या दिवसांतही आधी फोन करावा. वणी-सापुताऱ्याकडे पुढे जाणार असाल तर बाटल्या गाडीत ठेवू नका, सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे. विमानाने जाणाऱ्यांनी बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या सामानात द्याव्यात.

कसारा घाट उतरला की हवा तापते. बाटल्या डिकीत ठेवू नयेत. मागच्या सीटच्या पायाशी, ओल्या टॉवेलात, एसीच्या वाऱ्यात ठेवाव्यात. जेवायला थांबलात आणि गाडी तासभर उन्हात उभी राहिली तर आतलं तापमान पन्नासच्या वर जातं आणि बुचाच्या बाटल्या गळायला लागतात. घरी नेल्यावर स्वयंपाकघरातला माळा आणि फ्रीजचं डोकं या दोन जागा टाळाव्यात. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा, एप्रिल-मेमध्ये फ्रीजचा भाजीचा कप्पा. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी चालते, बुचाची आडवी. उघडलेली शेनिन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते. चौथ्या दिवशी उरलीच तर आमटीत नको, लसणीबरोबर कोळंबी परतताना घालावी.